इनक्युबेटरची पूजा

झेंडूचा वास आला की माझं डोकं अजून तापतं. अकोल्याच्या विक्रेत्याशी भांडून मी आमच्या पेशीजीवशास्त्र विभागात इनक्युबेटर आणला होता आणि त्यात शोधनिबंधासाठी पेशी वाढवत होते. खंडेनवमीला विभागप्रमुख वलगावच्या झेंडूचा हार घेऊन आले. पूजा बाहेरूनच करायची, दार उघडायचं नाही, असं मी त्यांच्याकडून कबूल करून घेतलं. हात धुऊन परत येते तर दार सताड उघडं आणि सर आत उदबत्ती ओवाळताहेत! “सर, आपलं काय ठरलं होतं?” “मॅडम, आतल्या जीवायले आशीर्वाद नको काय?” आठवडाभरात पेशींवर बुरशी चढली, निबंध बुडाला. विभागाच्या यशाच्या फलकावर मात्र त्या पूजेचा फोटो लागला. आता विभागप्रमुख मी आहे. हार मीच आणते, फक्त इनक्युबेटरची किल्ली त्या दिवशी माझ्या पर्समध्ये असते.