मोडीत निघालेला स्वल्पविराम

गायनवृंदातले लोक तिला टिंबवाली म्हणायचे, आणि त्यात खोटं काही नव्हतं. पाश्चात्त्य स्वरलिपीच्या पाच रेघांवर टिंबं बसवायची, त्यांना शेपट्या लावायच्या, खाली गाण्याचे शब्द जुळवायचे आणि चाळीस गळ्यांसाठी चाळीस प्रती छापून द्यायच्या, हे काम ती वीस वर्षं संगीतशाळेच्या जिन्याखालच्या खोलीत बसून करत होती. माउसनं टिंबं ओढणाऱ्यांतली ती नव्हे. ती प्रत्येक स्वर कमांड लिहून बसवायची आणि जुना प्रोग्रॅम तिचं मुकाट्यानं ऐकायचा.

पण चांगलं चाललेलं ज्यांना बघवत नाही अशी एक जमात असते, ती सॉफ्टवेअर बनवते. जुना संगणक बंद पडला, नव्यावर जुनी आवृत्ती चढेना, आणि नव्या आवृत्तीनं तिच्या निम्म्या कमांड मोडीत काढलेल्या. जुन्या फायली नव्या वळणावर आणणारं एक साधन सोबत मिळालं होतं. त्यानं बरंचसं निस्तरलं. जे जमलं नाही ते गाळलं आणि पडद्यावर खाली पिवळ्या ओळी लिहून ठेवल्या: ही कमांड आता चालत नाही, हाताने बदला. अशा ओळी तीनशेच्या वर. तिनं पहिल्या दहा-बारा वाचल्या, तर सगळ्या समासांच्या नि अक्षरांच्या आकाराच्या कटकटी. पानं छापून पाहिली, स्वर जागच्या जागी होते. कार्यक्रम दोन आठवड्यांवर आलेला. बाकीच्या ओळींकडे तिनं सरळ कानाडोळा केला आणि प्रती वाटून टाकल्या.

तिची थोरली बहीण त्याच वृंदात गायची. दोघी एकाच घरात राहायच्या. मंगळवारी वृंदाच्या सरांची तालीम आटोपून ताई घरी आली. चपला काढल्या, पाणी प्यायली, नवी प्रत टेबलावर ठेवली.

"मी सोडते गाणं," ती म्हणाली. "दुसऱ्या ओळीतच दम गेला माझा. बाकीचे एका दमात पुढे निघून गेले आणि मी आपली माशासारखी तोंड उघडून उभी. सर काही बोलले नाहीत, पण त्यांनी पाहिलं."

"होतं गं एखाद दिवस."

"तीनदा झालं. शुक्रवारी सांगून टाकते त्यांना."

टिंबवालीनं प्रत उचलून पाहिली. रेघांच्या वर एकही स्वल्पविराम नव्हता.

तो स्वल्पविराम म्हणजे इथे श्वास घ्या अशी खूण. बारा वर्षांपूर्वी न्यूमोनियानं ताईची छाती कायमची अधू करून ठेवली. तेव्हापासून नवं गाणं आलं, की ताई भांडी घासताना ते गुणगुणायची आणि ही दाराशी उभी राहून पाकिटाच्या पाठीवर लिहून घ्यायची: कुठे खांदे वर जातात, कुठे शब्द तुटतो. त्या जागी मग श्वासाची कमांड. एकट्या ताईच्या प्रतीत घातली असती, तर त्या मानी बाईनं प्रत फाडून हातात दिली असती. म्हणून चाळीसच्या चाळीस प्रतींत. सगळा वृंद ताईच्या छातीनं श्वास घ्यायला लागला आणि कुणाला पत्ता नव्हता. सरांनाही वाटलं, गाणंच तसं आहे.

दुसऱ्या दिवशी तिनं सगळ्या पिवळ्या ओळी वाचल्या. त्यांतल्या एकशे चाळीस त्या एकाच कमांडच्या होत्या. नवी कमांड शोधून तिनं एकेक जागा हातानं भरायला घेतली. पण शुक्रवार तोंडावर आला होता, आणि खरं सांगितल्याशिवाय ताई हटणारी नव्हती. गुरुवारी संध्याकाळी ती स्वयंपाकघरात गेली. तिला भयंकर भीती वाटत होती.

"ताई, तुझं काही बिघडलेलं नाही. चूक माझी आहे. श्वासाच्या खुणा छापायच्या राहिल्या."

"कसल्या खुणा? त्या गाण्यातच असतात ना?"

"नव्हत्या. मी घालायचे. तुझ्यासाठी."

ताईनं हातातलं ताट ओट्यावर ठेवलं. नळ बंद केला.

"बारा वर्षं मला वाटत होतं," ती म्हणाली, "तिथं सगळ्यांनाच दम लागतो."

टिंबवालीचे डोळे भरून आले होते. "आता तुला नको असतील तर," ती कसंबसं म्हणाली, "नाही घालत."

ताईनं हात पुसले, चष्मा लावला आणि टेबलावरची प्रत ओढून घेतली.

"सगळ्यांच्या प्रतींत घाल," ती म्हणाली. "आणि तिसऱ्या ओळीत एक वाढव. तिथं माझा नेहमी जीव जातो."