अर्धी दाढी

रोज सकाळी गालावरून तुरटी फिरवली की तिच्या वासानं पाटोद्याच्या बाजारपेठेतलं ते पत्र्याचं सलून आठवतं. निवडणूक नुकतीच झाली होती आणि माणसं चहासुद्धा जात बघून पीत होती. बाजाराचा दिवस होता, डोक्यावरचा पत्रा तापला होता आणि बाकावर आम्ही चौघं नंबर लावून बसलो होतो. खुर्चीत तोंडाला फेस लावून बसलेल्या माझ्या चुलत्यांनी न्हाव्याला विचारलं, "खरं सांग बे, मत कुणाला दिलंस?" वीस वर्षं आमच्या घरच्या दाढ्या करणारा तो माणूस वस्तरा थांबवून म्हणाला, "तात्या, मी दोन्हीकडच्या दाढ्या करतो. मला कावून वढता ह्यात?" "म्हंजी तिकडंच दिलं," म्हणत चुलते अर्ध्या दाढीनंच उठले आणि तोंड पुसत बाकाकडं वळले, "आपल्या माणसानं हितं बसायचं न्हाई." बाकावरचे बाकीचे तिघं उठून त्यांच्या मागं गेले. न्हाव्यानं खुर्ची झटकली आणि मला म्हणाला, "बसा सर, तुमचा नंबर हाय." शाळेत नागरिकशास्त्र शिकवणाऱ्या मी दाराबाहेर थांबलेल्या चुलत्यांकडं पाहिलं आणि शाळेला उशीर होतोय असं सांगून उठलो. त्या दिवशी रविवार होता, हे न्हाव्यालाही ठाऊक होतं. तेव्हापासून मी घरीच दाढी करतो. कुणी विचारलंच तर सांगतो, तिथं फार गर्दी असते.