उसना दिलेला नवरा

शेजारीण सूप मागायला आली की आपण देतो, तसा माझी बायको मला डॉक्टर लोकांना उसना द्यायची. मला न विचारता. संध्याकाळी मी अंगणात वाळत घातलेली नागली राखत बसलेला असायचो, म्हणजे खरं सांगायचं तर झोपलेला असायचो. कोंबड्या नागली खात असायच्या. तेवढ्यात ही हॉस्पिटलातून यायची आणि हिच्या मागं एखादा चष्मेवाला पोरगा मान खाली घालून उभा असायचा.

"उठ," ती मला म्हणायची. "ह्या साहेबाला पोट दाबायला दे."

मी उठायचो आणि पोट द्यायचो.

मोखाड्याकडं एका सरकारी हॉस्पिटलात ती वॉर्डातली आया होती. सगळे तिला मावशी म्हणायचे. लहान पोरं म्हणायची, म्हातारे म्हणायचे, साहेब म्हणायचे, आणि शेवटी शेवटी मीही म्हणायला लागलो. नवऱ्यानं बायकोला मावशी म्हणावं हे शोभत नाही, पण आमच्या घरात शोभेचं काम तिच्याकडं होतं. मी चौथीपर्यंत गेलेला माणूस. ती दुसरीतनं सुटलेली. दोघांत शिकलेला मी, आणि अक्कल तिच्याकडं.

शहरातल्या मोठ्या कॉलेजातनं तीन-तीन महिन्यांसाठी शिकाऊ डॉक्टर आमच्याकडं पाठवतात. शिकाऊ म्हणजे ते डॉक्टर झालेलेच असतात, पण त्यांना आणखी मोठं व्हायचं असतं. त्यातला कोण तरला आणि कोण बुडतोय, हे मावशी त्यांच्या जेवणाच्या डब्यावरनं ओळखायची. डबा दोन दिवस भरलेला परत गेला की ती त्याच्या मागं लागलीच. म्हणायची, "पेशंटला ही पोरं बघतात. पोरांना कोण बघतं? आई तिकडं लांब, आणि मोठा डॉक्टर म्हणजे सासू."

अशा बुडणाऱ्यांसाठी मी होतो. किती जणांनी माझा दंड आवळला, जीभ बघितली, पोटावर बोटं वाजवली, त्याचा हिशोब नाही. मी मोठा शूर असल्यासारखा बसायचो. एकानं छातीला नळी लावली आणि म्हणाला, "बाबा, श्वास घ्या." मी घेतला. सोडा म्हणाला नाही, म्हणून सोडला नाही. त्याला वाटलं आपल्या हातात म्हातारा गेला. मावशीनं माझ्या पाठीत धपाटा घातला तेव्हा मी सुटलो आणि तोही. आणि सुई बघितली की मी आडवा व्हायचो. उभ्या आयुष्यात दोन घोणसी मारल्या मी, पण सुईपुढं माझी चड्डी ओली व्हायचीच बाकी राहायची. मावशी पोरांना सांगायची, "सुईला हा नाय चालायचा. बाकी सगळ्याला न्या."

पण मला सांगायचंय ते लातूरच्या पोरीबद्दल.

ती डॉक्टरीण लातूरकडची, म्हणून मावशी तिला लातूरची म्हणायची. हाताला हुशार होती. सुई, टाके, सगळं एका फटक्यात. अडायची ती बोलण्यात. एकदा वांगणीचा एक बाप आपला पोरगा घेऊन आला. पोरगा बाविशीतला, ताप डोक्यात गेलेला. वाचणार नव्हता. लातूरची त्या बापाला म्हणाली, "परिस्थिती नाजूक आहे. आम्ही पूर्ण प्रयत्न करतोय."

आता आमच्याकडं मोठा माणूस 'प्रयत्न करतो' म्हणाला, म्हणजे काम झालं. बाप खूश झाला. मोखाड्याचा बाजार होता त्या दिवशी. पोरगा घरी जाताना काय घालील, त्याचा सदरा तर फाटलेला, म्हणून तो नवा सदरा घ्यायला गेला. दुपारी परत आला तो पिशवी दाखवत. "कवा सोडता, म्याडम?" पोरगा तासाभरापूर्वी गेला होता. लातूरची औषधाच्या खोलीत जाऊन उभी राहिली. बापाला मावशीनं सांगितलं.

तेव्हापासून ती पोरगी नातेवाइकांसमोर येईना. सिस्टरला पुढं करायची. मोठे डॉक्टर म्हणाले, सांगता येत नसेल तर हे शिक्षण सोडून दे. ते काही खोटं बोलले नव्हते. हिनं बॅग भरली. सगळं सोडून लातूरला जाऊन मामाच्या दुकानात बसणार होती.

मावशीनं तिला अडवलं नाही. "जा. पण नाशिकची गाडी सकाळी हाय. आज संध्याकाळी मोकळीच हायेस ना? मग आमच्या म्हाताऱ्याला एकदा सांगून बघ."

"काय सांगू?"

"त्याचा भाऊ मेला म्हणून."

आमच्या ओट्यावर बसवलं तिला. मला आधी मावशीनं बजावलं, "तू भाऊ. नीट कर. दात काढू नको." लातूरचीनं घसा साफ केला आणि म्हणाली, "तुमच्या भावाची प्रकृती अत्यवस्थ आहे."

मी म्हणालो, "म्हणजे बरा हाय ना?"

"तसं नाही. आम्ही शर्थ..."

"मग उद्या नेऊ घरी?"

मी मस्करी करत नव्हतो. मला खरंच कळलं नव्हतं. मावशी म्हणाली, "बघ. हा तर चौथी शिकलेला हाय. वांगणीवाल्याला काय कळणार?" मग तिनं पोरीला खाली बसवलं. ज्याला सांगायचं तो जमिनीवर बसला असेल तर जमिनीवर बस. आधी विचार, घरी कोण कोण हाय. मग सांग. 'मरणार' असेल तर 'मरणार' म्हण. अर्धी बांधलेली मोळी वाटेत सुटते आणि बिचारा एकटाच लाकडं गोळा करत बसतो. आणि सांगून झालं की गप बस. घड्याळ बघू नको. मोबाइल तर अजिबात नको.

पोरगी परत सुरवातीपासून बोलायला लागली. तिसऱ्या-चौथ्या वेळेला तिनं माझ्याकडं बघून म्हटलं, "बाबा, तुमचा भाऊ मेला." आणि गप बसली. त्या गप बसण्यात काय होतं कोण जाणे, मला भडभडून आलं. मी असा गळा काढला की अख्खा पाडा धावत आला. शेजारचा धाकलू तर हातात विळा घेऊन.

"कोण गेलं? कोण गेलं?"

"माझा भाऊ," मी हुंदके देत म्हणालो.

धाकलू म्हणाला, "तुला भाऊ कवा झाला?"

सगळा पाडा हसला. लातूरची पण हसली, वांगणीवाल्या बापाच्या दिवसानंतर पहिल्यांदा. सकाळची नाशिकची गाडी तिच्याशिवाय गेली. पुढं आठ दिवस ती रोज संध्याकाळी यायची. मी कधी बाप झालो, कधी मुलगा, एकदा तर सासू झालो. मावशी म्हणाली सासू मला चांगली जमली, पण तोंड मिटायला जमलं नाही.

मग एक दिवस मी मावशीचा डबा घेऊन गेलो तर व्हरांड्यात लातूरची फरशीवर मांडी घालून बसलेली. समोर सूर्यमाळची एक म्हातारी. तिचा नवरा आत होता.

"आजी, घरी कोण कोण आहे?"

"कोन नाय. पोरगी हाय, ती भिवंडीला वीटभट्टीवर."

"आजी, बाबा आता बरे होणार नाहीत. आज-उद्या मरतील."

म्हातारी बराच वेळ पदराचं टोक पिळत राहिली. लातूरची हलली नाही. मग म्हातारी म्हणाली, "मग पोरीला बोलवू?"

"बोलवा. आत्ताच."

दुसऱ्या दिवशी पोरगी आली. केसात विटांची लाल धूळ तशीच. बापानं तिला ओळखलं, तिच्या हातनं पाणी घेतलं, आणि मग गेला. मावशीनं त्या रात्री घरी फक्त एवढंच सांगितलं, "लातूरचीनं बॅग उघडली." आणि जेवायला बसली. त्या दिवशी ती दोन भाकरी जास्त जेवली. माझ्या वाट्यातल्या.

लातूरची शिकून मोठी झाली. नाशिकला एका मोठ्या हॉस्पिटलात लागली. मावशी रिटायर झाली. गेल्या वर्षी तिच्या पोटात दुखायला लागलं. ती काही बोलली नाही, आणि मी काही विचारलं नाही. दुसऱ्यांची दुखणी मी किती वर्षं खोटी खोटी करून दाखवली, आणि घरातलं खरं दुखणं मला दिसलं नाही. नाशिकला लातूरचीच्या हॉस्पिटलात नेलं तेव्हा उशीर झाला होता.

तिथं मी काय केलं ते सांगतो, कारण दुसरं कोणी सांगणार नाही. डॉक्टरांच्या राऊंडची वेळ झाली की मला बरोबर चहाची तल्लफ यायची. कागद माझ्या पिशवीत होते, पण ते इंग्रजीत, म्हणून मी कोणाला वाचायला लावले नाहीत. मावशीला सांगायचो, साधी गाठ हाय, निघून जाईल. ती म्हणायची, "हो का." आमचा मुलगा भिवंडीला कामाला, तो फोन करायचा, त्याला म्हणायचो, येऊ नको, खाडा पडेल.

एके सकाळी चहाची टपरी बंद होती. मी लवकर परत आलो तर पडद्याच्या आत लातूरचीचा आवाज. मी बाहेरच उभा राहिलो.

"मावशी, ही गाठ बरी होणार नाही. काढताही येणार नाही. तुम्ही यातून वाचणार नाही. थोडे आठवडे आहेत."

बाजूच्या खाटेवरची बाई खोकली. मग मावशी म्हणाली, "चांगलं सांगितलंस. शेवटचं जरा घाईत गेलं."

लातूरची रडत असावी.

"रडून झालं की त्याला सांग," मावशी म्हणाली. "पडद्यामागं उभा हाय. चपला दिसतात त्याच्या."

लातूरची बाहेर आली. आम्ही दोघं बाकावर बसलो. मी म्हणालो, "राहू दे. मी ऐकलं सगळं."

ती म्हणाली, "बाबा, ते मावशींना सांगितलेलं ऐकलंत. तुम्हाला अजून कोणी सांगितलेलं नाही."

आणि तिनं सांगितलं. सुरवातीपासून, सावकाश, सगळं. माझी बायको मरणार आहे, असं म्हणाली. मग गप बसली. मला वाटलं आता काहीतरी मस्करी करावी, मोकळं व्हावं. एवढी वर्षं तेच केलं होतं. पण मी विचारलं, "घरी नेऊ?"

"न्या. आणि मुलाला बोलवा."

मुलाला त्याच बाकावरनं फोन केला. तो सुनेला आणि तान्ह्या पोराला घेऊन घरी आला तेव्हा मावशी बोलती होती. त्या दिवसांत तिनं नातवाचं नाव ठेवलं. नागलीचं बी कुठल्या कणगीत आहे ते सुनेला दाखवलं. मला भाकरी थापायला शिकवली आणि माझी भाकरी कुत्र्याला घातली. कुत्र्यानंही ती हुंगून सोडून दिली. आणि जायच्या चार दिवस आधी माझ्याशी एकदा कडकडून भांडली, पहिल्यासारखी, पाड्याला ऐकू जाईल अशी. भांडण कशावरनं झालं ते मी सांगणार नाही. चूक माझी होती.