गुळण्यांचं औषध

मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी नाही हो. आई अमावास्येला लिंबू उतरवायची, आणि मी त्याच लिंबाचं सरबत करून प्यायचे. त्यामुळे मी इथे काहून लिहून राहिले, याचं मलाच नवल वाटतं... पण आता सांगितल्याशिवाय राहवत नाही.

मी जबलपूरची. बाबा फॅक्टरीत होते, घर विजय नगरला. सहा वर्षांपूर्वी इथल्याच एका हॉस्पिटलात इंटर्न होते. दुसरा मजला, मेडिसिन वॉर्ड, खिडकीजवळचा एकोणीस नंबरचा बेड. त्यावर गोहलपूरच्या एक अम्मा, न्यूमोनिया झालेल्या. त्यांचा नवरा शिलाईकाम करायचा. आम्ही त्यांना बाबूजी म्हणायचो. चार दिवस ते जिन्यापाशी सतरंजी टाकून बसून होते. मी न सांगता सुई टोचायला गेले की अम्मा हात मागे घ्यायच्या. "पहले पूछ लिया कर बिटिया, मना थोड़ी करती हूँ." आणि मग हात पुढे करायच्या.

त्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास अम्मा गेल्या. बाबूजी घरी खिचडी आणायला गेले होते. सीनियर सरांनी पडदा ओढला. "घरवालों को आने में टाइम है. चलो, एक-एक करके हाथ साफ कर लो." म्हणजे श्वासनलिकेत नळी घालायची प्रॅक्टिस. कागदावर हे कुठेच नव्हतं, पण चालायचं. जिवंत माणसावर चुकण्यापेक्षा मेलेल्यावर चुकलेलं बरं, असं सर म्हणायचे. खरं सांगते, मलाही ते पटायचं.

आम्ही चौघं होतो. माझी नळी दोनदा अन्ननलिकेत गेली, तिसऱ्यांदा बरोबर बसली. अम्मांचा ओठ जरा फाटला. सर म्हणाले, "शाबाश," आणि मी खूश झाले. लिहिताना लाज वाटून राहिली, पण झाले होते. मग नळी काढली, तोंड पुसलं, चादर वर ओढली.

मी फाइल भरत होते, तेवढ्यात बाबूजी आले. हातात डबा. पडद्याकडे न जाता सरळ माझ्याकडे.

"मैडम, गरारे की दवा लिख दीजिए. गला बैठ गया है."

"कब से, बाबूजी?"

"हमारा नहीं, घरवाली का. अभी सीढ़ी पे मिली. हमने डाँटा कि उठी काहे. आवाज ही नहीं निकल रही बेचारी की. बोली, पूछ लेते तो मना थोड़ी करती." डबा त्यांनी दुसऱ्या हातात घेतला. "आप लोगों को क्या पूछना था, मैडम?"

मी म्हणाले, "कुछ नहीं, बाबूजी." आणि मग सांगितलं, की अम्मा चाळीस मिनिटांपूर्वीच गेल्या.

ते रडले नाहीत. डबा माझ्या टेबलावर ठेवून पडद्याआड गेले. अम्मांच्या तोंडात उशाशी ठेवलेल्या बाटलीतलं नर्मदाजल घातलं, ते ओठाच्या कडेने लालसर होऊन बाहेर आलं. त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. मी फाइलमध्ये डोकं घातलं.

हे ऐकून एक मैत्रीण म्हणाली, दुःखात माणसाला भास होतात. अगं, पण तोवर त्यांना दुःख झालंच कुठे होतं? बायको गेल्याचं त्यांना माहीतच नव्हतं. वॉर्डातून कोणी बाहेरही गेलं नव्हतं. मग घसा बसल्याचं त्यांना कळलं कसं?

मागच्या वर्षी बाबा गेले, दुसऱ्या एका हॉस्पिटलात, भर दुपारी. सिस्टर म्हणाली, "दीदी, दस मिनट बाहर बैठिए," आणि पडदा ओढला. मी डॉक्टर आहे हे तिला ठाऊक नव्हतं. पडद्याखाली बुटांचे चार जोड दिसत होते. आत जाऊन थांबवता आलं असतं... पण कोणत्या तोंडाने जाणार होते मी?

मी जिन्यात जाऊन बसले. वाटलं, बाबा येतील. बसलेल्या आवाजात का होईना, रागावतील तरी. संध्याकाळपर्यंत बसून होते. बाबा आले नाहीत.

अम्मा त्या जिन्यात कशा आल्या, याचं उत्तर माझ्यापाशी आजही नाही. "क्या पूछना था" असं बाबूजींनी जे विचारलं होतं, त्याचं मात्र तेव्हाही होतं.