मीरासाहेबांची खिडकी

दौंडहून पुण्याला जाणाऱ्या सकाळच्या गाडीत आमच्या डब्याचा एक कायदा आहे. रेल्वेच्या कुठल्या पुस्तकात तो सापडायचा नाही, पण पासवाल्यांपैकी कुणी मोडत नाही. ज्याचा पास सगळ्यात जुना, डाव्या हाताची तिसरी खिडकी त्याची. तो रिटायर झाला की त्याच्या मागचा पुढं सरकतो.

चोवीस वर्षं मी त्या खिडकीवर रुमाल टाकत आलो. मी दौंडला चढतो, पुण्यात एका सरकारी कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर बसतो. रुमाल माझा, पण खिडकी खुटबावच्या मीरासाहेबांची. पाटस, कडेठाण, केडगाव एवढा वेळ मी तिथं बसायचो. खुटबाव आलं की उठायचं. मीरासाहेब वर यायचे, हसायचे आणि म्हणायचे, "मच्छिंदर, जागा गरम करून ठिवलीस व्हय?" हा एकच विनोद चोवीस वर्षं चालला आणि आम्ही रोज हसलो.

मीरासाहेब नाना पेठेत पुस्तकबांधणीच्या कारखान्यात कामाला होते. बोटांच्या पेरांवर कायम वाळलेली खळ. त्यांनी ही गाडी नव्वद साली पहिल्यांदा धरली तेव्हा डिझेलचं इंजिन आणि लाकडी फळ्यांची बाकं होती. पुढं रुळांवर विजेच्या तारा आल्या. खुटबावात कुणी पेढे वाटले, कारण तारा आल्या म्हणजे मुंबईसारखी लोकल आलीच. आली ती डेमू. वर विजेच्या तारा आणि खाली डिझेलची गाडी, असा तो उफराटा प्रकार. त्या दिवशी बाकांची मांडणीच बदलली होती, तेव्हा तिसरी खिडकी नेमकी कुठली यावर दौंडपासून खुटबावपर्यंत वाद झाला. शेवटी मीरासाहेब एका जागी बसले आणि म्हणाले, "हितनं खुटबावचा पिंपळ दिसतुया. हीच ती." पुढं विजेवरची मेमू आली, तेव्हाही पिंपळच साक्षीला घेतला. दौंड सोलापूर विभागातून पुणे विभागात आलं तेव्हा परत पेढे झाले. लोकल मात्र अजून येतेच आहे.

या लोकलवर माणसानं किती भरवसा ठेवावा? शहाण्णव साली कारखान्याच्या मालकांनी मीरासाहेबांना कारखान्यामागची खोली देऊ केली होती. त्यांच्या बायकोनं, शहजादीभाभींनी, भांडी बांधायला काढली. मीरासाहेब म्हणाले, "कशाला? दोन वर्सात लोकल येतीया. खुटबाव आन् पुणं एकच व्हनार." भाभींनी भांडी परत फळीवर लावली. त्या अजून म्हणतात, "ह्यांच्या लोकलनं माझा जल्म खाल्ला." 

त्यांची आई गेली तो दिवस मला ठाऊक आहे, मी शेजारीच बसलो होतो. कारखान्यात फोन आला म्हणून ते दुपारच्या गाडीनं निघाले, मीही सोबत निघालो. उरुळीच्या अलीकडं गाडी बाजूला घेतली. एक एक्स्प्रेस गेली, मग दुसरी गेली, मग मालगाडी. खाली उतरून चालावं तर दहा-बारा कोसांची वाट, आणि उतरलं की नेमकी गाडी सुटणार, ही भीती. दीड तास ते दारात उभे राहिले. गावाकडं लोक थांबले, थांबले आणि नमाजाची वेळ झाली तशी मयत उचलली. मीरासाहेब पोचले तेव्हा कबरीवर पाणी शिंपडून झालं होतं. दुसऱ्या दिवशी ते गाडीत होते. मी म्हटलं, आज तरी ऱ्हायचं. ते म्हणाले, "घरी बसून काय करू? गाडीचीच सवय हाय."

अशा माणसाच्या पोरीनं त्याच गाडीचा पास काढावा, हे नशीब म्हणायचं का मूर्खपणा? निलोफर शिकली, पुण्यात एका दवाखान्याच्या लॅबमध्ये लागली. रक्त तपासायचं काम. तिथली मैत्रीण शितल हडपसरला खोली करून राहते, ती रोज म्हणायची, ये माझ्याकडं. निलोफर म्हणाली, "अब्बाचा गुडघा दुखतो, अम्मी एकटी असती. आन् आता लोकल येणारच हाय की." मीरासाहेबांनी हे ऐकलं तेव्हा त्यांच्या हातातला पेला थांबला. हे मला भाभींनी सांगितलं. शहाण्णव सालचं वाक्य पोरीच्या तोंडून पुन्हा बाहेर आलं होतं.

मला हे तेव्हा कळायला हवं होतं. नाही कळलं.

मे महिन्याच्या शेवटच्या दिवशी मीरासाहेब रिटायर झाले. आमच्यात निरोप चालत्या गाडीतच देतात. येवत सुटल्यावर शाल, नारळ, पेढे. कायद्यानं खिडकी आता माझी होती. पण मला दानशूरपणाचं वारं शिरलं. मी उभा राहिलो आणि भाषण ठोकलं, "मीरासाहेबांची खिडकी घराबाहेर जायाची न्हाई. माझा नंबर मी सोडतो. आजपासून ही जागा निलोफरची." डबा टाळ्यांनी दणाणला. आम्ही पोरीला हाताला धरून खिडकीत बसवलं. माझा पोरगा गोकुळ नुकताच मांजरी स्टेशनजवळच्या एका गोदामात लागला होता, त्यानं मोबाइलवर फोटो काढला. आमच्याजवळ देण्यासारखं याहून मोठं काही नव्हतं.

मीरासाहेबांचा आवाज मी कधी चढलेला ऐकला नव्हता. त्या दिवशी ऐकला.

"ऊठ."

निलोफरला वाटलं थट्टा आहे.

"ऊठ म्हनतो ना! कुनी बसवलं तुला हितं?"

दंडाला धरून त्यांनी तिला उठवलं आणि अंगावरच्या शालीसकट स्वतः तिथं बसले. पेढे तसेच राहिले. मला एवढा राग आला की पुण्यापर्यंत मी त्यांच्याकडं बघितलं नाही. माझा हक्क सोडून मी दिलेली वस्तू या माणसानं भर डब्यात लाथाडली होती.

सोमवारी गाडी खुटबावला थांबली. फलाटावर निलोफर होती आणि तिच्या मागं पिशवी घेऊन मीरासाहेब. नोकरी नाही, काम नाही, पण पास नवा. खुटबावचा फलाट बुटका आहे, गाडीची पायरी मांडीला लागते. दोघा पासवाल्यांनी वरून हात दिला तेव्हा ते वर आले. खिडकीपाशी आले आणि मी उठायची वाट बघत उभे राहिले. विनोद केला नाही. मी उठलो.

दोन महिने हे चाललं. बाप खिडकीत, पोरगी त्याच्यासमोर दांडीला धरून उभी. दुसऱ्यांनी जागा दिली तरी ती बसायची नाही. तीही त्यांचीच पोरगी. म्हाताऱ्याला जागेचा लोभ सुटत नाही, असं डब्यात लोक बोलायला लागले. खोटं कशाला सांगू, मीही बोललो.

एकदा कचेरीचं काम लवकर उरकलं म्हणून मी दुपारीच पुणे स्टेशनात आलो. फलाटाच्या टोकाच्या बाकावर मीरासाहेब बसले होते. शेजारी जेवणाचा रिकामा डबा. सकाळपासून तिथंच होते. संध्याकाळच्या गाडीपर्यंत रोज तिथंच असायचे.

मी विचारलं, "हे काय चाललंय मीरासाहेब? त्या एका खिडकीपायी?"

"मी उठलो की ती बसंल," ते म्हणाले.

"मग बसू द्या की. तिचीच हाय."

"उभं ऱ्हायलं की मानूस कटाळतं, मच्छिंदर. कटाळलं म्हंजी उतरतं. मला पैल्या वर्सी डब्यातल्या लोकांनी बसाय जागा दिली. लई मायेनं दिली. मग मी उतरलोच न्हाई."

त्यांनी रिकामा डबा पिशवीत घातला.

"आईला माती द्याया पोचलो न्हाई मी," ते म्हणाले. "ती येळ हिच्यावर याया नगं. तवर मी जागा अडवून बसनार. गुडघा तुटला तरी बसनार."

ऑगस्टात एका सकाळी लोणीच्या अलीकडं गाडी बाजूला घेतली. पंखे बंद, बाहेर ऊन, आत घाम. एक एक्स्प्रेस गेली, दुसरी गेली. निलोफर उभीच होती. तिचा फोन तीनदा वाजला, चौथ्यांदा तिनं उचललाच नाही. मीरासाहेबांनी गुडघा दोन्ही हातांनी दाबून धरला होता आणि ओठ चावत होते. तास उलटला तेव्हा तिनं बापाकडं बघितलं, आणि दोन महिन्यांत पहिल्यांदा बोलली.

"अब्बा, तुम्ही उद्यापासून येऊ नका. मी शितलकडं जाते."

"आधी जा," मीरासाहेब म्हणाले. "मग मी येनार न्हाई."

"शपथ?"

"शपथ."

पहिल्या तारखेला तिची गादी, बादली आणि कुकर आम्हीच त्या गाडीतून हडपसरला उतरवलं. मीरासाहेब तिथल्या फलाटावर उभं राहून पोरीच्या पाठीकडं बघत होते. ते रडत होते आणि हसतही होते.

दुसऱ्या दिवशी गाडी खुटबावला थांबली. फलाटावर कुणी नव्हतं. मी सवयीनं अर्धा उठलो, तेव्हा सगळे ओरडले, "बसा आप्पा, आता उठायचं काम न्हाई!" गाडी सुटली. मी पिंपळ बघितला. खुटबावपासून पुढचं माझ्या हक्काच्या खिडकीतून मी कधी बघितलंच नव्हतं. वारा चांगला लागत होता. जीव सुखावला, हे कबूल करतो.

गोकुळ समोर दांडीला धरून उभा होता.

"आप्पा," तो म्हणाला, "गोदामवाले मांजरीला खोली देत हुते. चार पोरांत एक. मी न्हाई म्हनलो."

"का रं?"

"जायचं-यायचं व्हतंय की आरामात. आन् आता लोकल येणारच हाय." मग तो हसला. "तुमच्यामागं ही खिडकी आपल्याच घरात ऱ्हाईल ना?"

डब्यातले सगळे हसले. कुणीतरी म्हणालं, "ऱ्हाईल की!"

मीरासाहेबांनी काय केलं होतं ते मला ठाऊक होतं. काय म्हणायचं तेही ठाऊक होतं. पण चोवीस वर्षांनी खिडकी मिळाली होती, बाहेर येवतचे उसाचे फड लागले होते, आणि माझ्या तोंडून शब्द निघाला नाही. मी गोकुळला जरा सरकून जागा करून दिली.