सासूबाईंचे आगाशीतले उपास

काल दुपारी विरारला नातीकडे बसले होते. ती अर्नाळ्याच्या कुठल्याशा रिसॉर्टचं बुकिंग करत होती... मोबाईलमधून मान वर न काढता म्हणाली, "आजी, मील प्लॅन घेऊ का गं? पैसे आधी भरायचे, मग जेवा नाहीतर नका जेवू."

खरं सांगू? या वयातही कान गरम झाले माझे. असा प्लॅन आमच्या घरात एकदा घेतला होता, आणि त्याची लाज मला जन्मभर पुरली.

पंचावन्न-छप्पन साल असेल. मी सतराची, लग्नाला वर्ष झालेलं. सासर कल्याणला, घरात माणसंच माणसं. मामंजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, दमा होता. वैद्यांनी समुद्राची हवा घ्या म्हणून सांगितलं, तसे मामंजी, सासूबाई, माझे यजमान आणि मी असे चौघं आठवडाभर विरारजवळच्या आगाशीला जाऊन राहिलो.

तिथे एका वाडीवाल्यांनी हवापालटाला येणाऱ्यांसाठी खोल्या बांधल्या होत्या. मालक म्हणाले, आठवड्याच्या जेवणाचे पैसे आधी भरलेत तर स्वस्त पडेल. पण पान ठरलेलं... वर भात घेतला तर त्याचे वेगळे, आणि जेवला नाहीत तर परत काही मिळणार नाही. मामंजींनी अख्खी दुपार ओटीवर येरझारा घातल्या. घेऊ की नको, घेऊ की नको... शेवटी भरले एकदाचे.

आता माझं सांगते. सासरी आधी पुरुष जेवायचे, मग मुलं, मग सासूबाई आणि नणंदा. सगळ्यांना वाढून झालं की पातेल्याच्या तळाशी उरेल ते माझं. छळ वगैरे काही नव्हता हो, तेव्हा घरोघरी तसंच होतं. पण पोट कधी भरायचं नाही, आणि ते बोलायची सोय नव्हती.

आगाशीला मात्र सगळे एकाच पंगतीत! मालकीणबाईंनी केळीच्या पानावर भात वाढला, वालाचं बिरडं, केळफुलाची भाजी... वर्षभरात पहिल्यांदा वाफाळता भात माझ्या पानात पडला होता. मी मान खाली घालून जेवत सुटले.

मालकीणबाई पुन्हा भात घेऊन आल्या. नको असेल तर पानावर हात आडवा धरायचा, ही रीत. सासूबाईंनी धरला, यांनी धरला. माझा हात काही उचलला गेलाच नाही... दुसऱ्यांदा नाही, तिसऱ्यांदाही नाही.

मान वर केली तर सगळ्यांची पानं रिकामी आणि पंगत माझ्यासाठी खोळंबलेली. शेजारच्या खोलीतल्या बाई म्हणाल्या, "माहेरी काय उपाशी ठेवत होते की काय हिला?" मालकांनी वरच्या भाताचे पैसे सांगितले. मामंजींनी ते सगळ्यांदेखत दिले आणि हसून म्हणाले, "सूनबाई आमचं दिवाळं काढणार!"

पंगत खो खो हसली. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. माझ्या पोटापायी माझ्या आईचं नाव निघालं होतं ना...

सासूबाई तेवढ्या हसल्या नाहीत. नुसत्या माझ्याकडे बघत होत्या.

दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, "आज माझा सोमवार. माझ्या वाटचं हिला वाढा, भरलेले पैसे वाया कशाला?" मंगळवारीही उपास. बुधवारी मामंजी वैतागले, "बुधवारचा कसला उपास काढलास?" त्या म्हणाल्या, नवस बोललेय. नवसापुढे कोण काय बोलणार!

मला वाटायचं, या मला टोमणाच मारताहेत... खादाड सून म्हणून. आतल्या आत कुढायचे, आणि तरी त्यांच्या वाटचंही चाटूनपुसून संपवायचे! भुकेला लाज नसते म्हणतात. मला मेलीला दोन्ही होत्या.

गुरुवारी जेवून खोलीत गेले. दार नुसतं लोटलेलं. सासूबाई भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या, आणि केळ्याबरोबर पाव खात होत्या.

पाव! अहो, आमच्या घरात बेकरीचा पाव उंबऱ्याच्या आत येत नसे. या बाईने जन्मात तो तोंडाला लावला नव्हता. मालकीणबाईंकरवी बाजारातून गुपचूप मागवला होता.

मला बघून त्या इतक्या ओशाळल्या... "कुणाला सांगू नकोस गं," म्हणाल्या. मग मला जवळ बसवलं. "त्या दिवशी तुझा हात आडवा झाला नाही, तेव्हा मलाच माझी लाज वाटली. वर्षभर माझ्या घरात तू अर्धपोटी निजतेस आणि मला पत्ता नाही! यांच्याकडे जास्तीच्या भाताचे पैसे मागितले असते तर पुन्हा चारचौघांत तुझंच हसं झालं असतं."

मला रडूच फुटलं. त्याही रडल्या. मग उरलेला पाव आम्ही दोघींनी अर्धा अर्धा खाल्ला.

कल्याणला परतल्यावर सासूबाई माझ्याशिवाय पानावर बसेनात. नणंदा थोड्या कुरकुरल्या, मग त्यांनाही सवय झाली. मामंजी मात्र शेवटपर्यंत सांगायचे, आगाशीचा व्यवहार आतबट्ट्याचा झाला, हिने नेमके तिथेच सगळे उपास काढले! आम्ही दोघी खाली मान घालून पोळ्या लाटत राहायचो.

त्यांचे आभार मानायचे राहूनच गेले. सासूचे आभार मानायची पद्धत कुठे होती तेव्हा... आज इथे मानते.

नातीला म्हटलं, घे गं तो प्लॅन. आणि कुणी वाढायला आलं की हात आडवा धरू नकोस.