आत्याची तीन गिऱ्हाइकं

आमची आत्या एकवीस वर्षं दवाखान्यात आया होती. रुग्णांच्या खुर्च्या ढकलता ढकलता त्या दुरुस्त करायलाही शिकली. कुठलं बेअरिंग गेलंय हे ती नुसत्या आवाजावरून सांगायची. माझा मेकॅनिकलचा डिप्लोमा तिथे तोंड बारीक करून उभा राहायचा. रविवारी लोक व्हीलचेअर घेऊन घरीच यायचे. नोकरी संपल्यावर तिने दुकान काढायचं ठरवलं. गाळाही पाहिला, पण नोंदणीचा कागद दाखवल्याशिवाय मालक किल्ली देणार नव्हता, आणि थांबणार होता फक्त महिनाअखेरपर्यंत.

माहिती काढायचं काम माझ्याकडे आलं. नेटवर शोधून मी तिला नवीन धंदेवाल्यांच्या मदत केंद्रात नेलं. दुसरा मजला, लिफ्ट नाही. कारकुनाने छापील यादी पुढे सरकवली. महिलांसाठी शिवणकाम, पार्लर, पाळणाघर. दुरुस्तीचं नाव नाही. शिवणकाम लिहा, सगळ्या तेच लिहितात, कागद आजच मिळेल, असं तो म्हणाला. मीही तिच्या कानात पुटपुटलो, लिहून टाक ना, पुढचं पुढे.

आत्याने माझ्याकडे असं पाहिलं की मी यादी कारकुनाकडे परत सरकवली.

"मला सुईत दोरा ओवता येत नाही," ती कारकुनाला म्हणाली, "आणि तुम्ही मला शिंपीण करताय?"

मग तिने नियमांची पुस्तिका मागून घेतली आणि माझ्याकडून मोठ्याने वाचून घेतली. यादीबाहेरच्या धंद्याला तीन गिऱ्हाइकांनी अधिकाऱ्यासमोर प्रत्यक्ष येऊन सांगावं लागतं. कारकून हसला. एवढा खटाटोप आजवर कुणी केलेला नाही म्हणे.

सोमवारी आत्या गिऱ्हाइकं घेऊन हजर. एक निवृत्त मास्तर, एक कॉलेजातली मुलगी, एक फळवाला. तिघंही आपापल्या खुर्चीत, जिन्याच्या पायथ्याशी. कारकुनाने कठड्यावरून वाकून सांगितलं, त्यांना वर आणा.

"या की उचलायला," मास्तर म्हणाले. "माझ्यापासून सुरुवात करा. पंच्याऐंशी किलो आहे."

वीस मिनिटांनी साहेब स्वतः खाली उतरले. मागे कारकून, हातात रजिस्टर आणि शिक्का. लिहायला टेबल नव्हतं. फळवाल्याने आपल्या खुर्चीचा हात थोपटला.

"इथे ठेवा साहेब. हलणार नाही. बाईंनीच बसवलाय."

तिघांचं ऐकून झालं. धंद्याच्या रकान्यात आत्याने शब्द न् शब्द सांगून 'व्हीलचेअर दुरुस्ती' लिहून घेतलं. शिक्का बसला, कागद तिच्या हातात आला. मी निघायला वळलो. ती हलली नाही.

"छापील यादीतही घाला आता. पुढच्या बाईला माणसं गोळा करायला लावू नका."

"बघतो," साहेब म्हणाले.

"बघा," आत्या म्हणाली. "मी उभी आहे इथे."